जुनी वक्र तलवार कशी पाहावी : नवख्या अभ्यासकासाठी

इराणची शमशीर, तुर्कांची किलिच, हिंदुस्थानी तलवार, अरबस्तानचा सैफ, मोरोक्कोची निमचा. संग्रहालयात काचेआड या ओळीने मांडलेल्या असल्या की नवख्या माणसाला त्या जवळपास सारख्याच वाटतात. सगळ्यांची पाती वाकलेली, सगळ्यांवर थोडेफार सोने आणि कुठेतरी फारसी-अरबी अक्षरे. खालच्या पाटीवर ‘तलवार, इराण, १८वे शतक’ एवढेच लिहिलेले असते. ती पाटी वाचून पुढे जाऊ नका. जुनी तलवार एकाच गावात, एकाच वेळी, एकाच हातून पूर्ण झालेली असणे दुर्मीळ. इराणमधल्या इस्फहानचे पाते इस्तंबूलला जाऊन तुर्की मूठ घेई. तेच पाते दख्खनेत आले की त्याला लोखंडी हिंदुस्थानी मूठ बसे, आणि दोन पिढ्यांनी म्यानही नवे होई. चांगले पाते महाग असे, म्हणून ते जपले जाई. मूठ आणि म्यान मालकाच्या आवडीप्रमाणे बदलत. हे ध्यानात ठेवून पाहू लागलात की तलवारीचा प्रवास हळूहळू कळू लागतो.

पहिली पायरी : मूठ, पाते, म्यान वेगवेगळे नोंदवा

वहीत तीन रकाने आखा. मुठीवरून पात्याचे गाव ठरवू नका आणि पात्यावरून म्यानाचे वय ठरवू नका. तिन्हींचा अंदाज स्वतंत्र लिहा, मगच ते एकमेकांशी जुळतात का ते पाहा. बहुतेक वेळा जुळत नाहीत. त्यात काही बिघडत नाही. जिथे जुळत नाहीत तिथूनच खरी माहिती मिळू लागते.

दुसरी पायरी : मूठ

सुरुवात मुठीपासून करावी, कारण प्रदेश ओळखायला ती सगळ्यांत सोपी.

शमशिरीची मूठ सडपातळ असते. दोन्ही बाजूंना शिंग, हाड किंवा वॉलरसच्या सुळ्याच्या पट्ट्या रिव्हेटने बसवलेल्या, टोकाला धातूची टोपी आणि ती टोपी पात्याच्या धारेकडे काटकोनात वळलेली. हाताच्या रक्षणाला आडवा दांडा, आणि त्याच्या मध्यातून वर-खाली निघालेल्या दोन निमुळत्या जिभा. खालची जीभ म्यानाच्या तोंडावर बसते आणि तलवार आपोआप सुटू देत नाही.

तुर्की किलिचीचा आडवा दांडा असाच, पण मुठीचे टोक गोलसर फुगलेले आणि पुढे झुकलेले असते, जुन्या पिस्तुलाच्या दस्त्यासारखे. मोरोक्कन निमचात परज, म्हणजे बोटांवरून जाणारी पट्टी, काटकोनात वळलेली असते आणि आडव्या दांड्याची टोके पात्याकडे झुकलेली. बाल्कन आणि अनातोलियातला यातागान हे वेगळेच प्रकरण आहे. त्याला आडवा दांडा नसतोच, मुठीच्या टोकाला दोन कान फुटलेले असतात आणि पाते उलट्या दिशेने, धारेकडे झुकलेले असते.

हिंदुस्थानी तलवारीची मूठ आपल्या ओळखीची आहे : सगळी धातूची, वर गोल वाटी, मध्ये फुगलेली पकड. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ती लहान वाटते आणि ‘तेव्हाची माणसे छोटी होती’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो चुकीचा आहे. ही मूठ घट्ट आवळून धरायची असते. वाटी मनगटाला अडते, मनगट फारसे वळत नाही, आणि वार खांद्यातून, ओढून कापत येतो. पकड लहान आहे ती या पद्धतीसाठी. पाते पोकळ मुठीत लाखेच्या मिश्रणाने घट्ट केलेले असते. ही गोष्ट पुढे जपणुकीच्या वेळी फार उपयोगी पडेल.

तिसरी पायरी : पात्याचा आकार

इस्लामी जगातल्या सुरुवातीच्या तलवारी सरळ होत्या. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जतन केलेल्या, आरंभीच्या काळाशी जोडलेल्या तलवारी पाहिल्या की ते लगेच दिसते. वाक आला तो मध्य आशियातल्या तुर्की घोडेस्वारांबरोबर. धावत्या घोड्यावरून केलेला वार रुतून बसू नये, सरकत कापत जावा, हा त्यामागचा हिशेब. वाकलेली धार लक्ष्यावर टेकली की हात मागे जाताना ती आपोआप लांब काप घेते. बदल्यात भोसकण्याची ताकद कमी होते. शमशिरीत हा सौदा टोकाला गेलेला दिसतो. इराणच्या सफावी राजवटीच्या काळापासून तिचा वाक फार खोल होतो, पाते अरुंद राहते, टोकाकडे सतत निमुळते होत जाते आणि बहुधा त्यावर पन्हळ, म्हणजे लांबीच्या दिशेने कोरलेली खोबण, नसते. मुठीजवळ रुंदी साधारण तीन सेंटिमीटर, पात्याची लांबी ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास, आणि वजन बहुतेक वेळा किलोच्या आत. सिनेमातल्या जडशीळ तलवारी डोक्यातून काढून टाका.

किलिच ओळखायची ती टोकाकडच्या भागावरून. तिथे पाते पुन्हा रुंद होते आणि पाठीच्या बाजूलाही धार येते. तुर्कीत या भागाला येलमान म्हणतात. वजन पुढे गेल्याने घाव जड पडतो, आणि दुधारी टोकामुळे भोसकताही येते. अठराव्या शतकातल्या आखूड, रुंद प्रकाराला पाला म्हणतात. त्याच्या अनेक पात्यांची पाठ छेदात इंग्रजी टी अक्षरासारखी असते : पाते पातळ ठेवूनही ताठपणा मिळवण्याची ही युक्ती.

हिंदुस्थानी पात्याला मुठीलगत बोट-दोन बोटे बिनधारेचा भाग असतो, त्याला आपल्याकडे खजाना म्हणतात. खऱ्या इराणी पात्याला तो नसतो, धार थेट मुठीपर्यंत येते. इराणी मूठ असलेल्या पात्याला खजाना दिसला तर ते पाते हिंदुस्थानात घडले असावे, अशी शंका लगेच वहीत नोंदवा.

युरोपी पातीही या व्यापारात भरपूर फिरली. मोरोक्कन निमचांवर तर ती नेहमीचीच. पात्यावर समोरासमोर दोन दातेरी कोयत्यांसारखी खूण किंवा धावत्या लांडग्याची ओबडधोबड आकृती असेल तर इटली-जर्मनीकडे पाहा. पण या खुणांची नक्कल हिंदुस्थानात आणि कॉकेशसमध्ये सर्रास झाली आहे, त्यामुळे नुसत्या खुणेवर निर्णय देऊ नका. प्रवास उलट दिशेनेही झाला. १७९८च्या इजिप्त मोहिमेनंतर फ्रेंच अधिकाऱ्यांना तिथल्या मामलुक या लढवय्या सरदारवर्गाच्या तलवारीची भुरळ पडली. ब्रिटिश सैन्याने १८३१मध्ये आपल्या सेनापतींसाठी त्याच घाटाची तलवार अधिकृत केली, आणि अमेरिकन मरीन अधिकारी आजही समारंभात तसलीच तलवार लावतात. तेव्हा मामलुक घाटाची मूठ दिसली की लगेच ‘इजिप्त’ लिहू नका. बर्मिंगहॅमही असू शकते.

चौथी पायरी : पोलाद

इथे थांबा आणि वेळ घ्या. या सगळ्या विषयाचा जीव पोलादात आहे.

उत्तम पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी बारीक नक्षी दिसते. तिला जौहर म्हणतात. ती कोरलेली किंवा रंगवलेली नसते, धातूच्या आतली असते. हे पोलाद, ज्याला जगभर वूट्झ म्हणतात, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत मुशीत बनत असे. आजच्या तेलंगणातले कोनासमुद्रम हे त्याचे नावाजलेले केंद्र, आणि गोवळकोंड्याच्या राज्यातून हे पोलाद इराणला जाई. लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालत. दक्षिणेतल्या जुन्या नोंदींत सोबत तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घातल्याचे वर्णन आहे. मूस लिंपून बंद करत, भट्टीत तापवत आणि सावकाश थंड होऊ देत. पाल्या-लाकडातला कार्बन लोखंडात उतरे आणि दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेली पोलादाची वडी तयार होई. आपल्या बांधावरचा तरवड आणि रुई इस्फहानच्या पात्याशी अशी जोडलेली आहेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

वडीचे पाते करणे हे त्याहून अवघड. एवढा कार्बन असलेले पोलाद जास्त तापवले तर हातोडीखाली फुटते. कमी तापवले तर वाकत नाही. लोहार ते मंद लाल रंगावर ठेवून, पुन:पुन्हा तापवत, हळूहळू लांबवत नेई. या वारंवार तापण्या-निवण्यात लोह आणि कार्बनचे कठीण कण रांगांनी जमतात, आणि त्याच रांगा पुढे नक्षी होऊन दिसतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी दाखवले की व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंशही या रांगा जमण्यासाठी लागतो. म्हणजे खनिज बदलले की तीच कृती करूनही जौहर येणार नाही. एकोणिसाव्या शतकात ही परंपरा खंडत गेली. मायकेल फॅरडेने वूट्झचे रहस्य शोधायचा प्रयत्न केला, तर रशियातल्या झ्लातोउस्तमध्ये पावेल आनोसोव्हने १८३०च्या दशकात तशी पाती पुन्हा घडवून दाखवली.

पाते घासून झाले तरी नक्षी लगेच दिसत नाही. त्यावर हिराकसासारख्या क्षाराचे पाणी फिरवले की मऊ भाग काळवंडतो, कठीण कण चमकत राहतात, आणि लहरी वर येतात. काही पात्यांवर ठरावीक अंतराने आडव्या पायऱ्या दिसतात. या घाटाला ‘चाळीस पायऱ्या’ म्हणतात, ‘मुहम्मदाची शिडी’ असेही म्हणतात. पायऱ्या प्रत्यक्षात चाळीस असतीलच असे नाही. लोहार पात्यावर आडव्या खाचा पाडून ते पुन्हा ठोकून सपाट करे, त्यामुळे आतल्या रांगा त्या जागी वळत. कधी पायऱ्यांच्या मध्ये गुलाबासारखी वर्तुळेही काढलेली असतात. हे पाहताना दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एकाच बाजूने येणारा उजेड जवळ ठेवा. पाते उजेडात हळूहळू फिरवले की जौहर उमटते, नाहीसे होते, पुन्हा उमटते.

खरे-खोटे ओळखायचे ते याच भिंगाने. खोटी नक्षी आम्लाने साध्या पोलादावर रेखलेली असते. ती सगळीकडे सारखीच ठळक दिसते, धारेजवळ पाते पातळ झाले तरी बदलत नाही आणि पाठीवर बहुधा येतच नाही. खरे जौहर पाठीवरही असते, धारेकडे घासल्यामुळे ताणले जाते आणि एका जागेची लहर दुसऱ्या जागी हुबेहूब सापडत नाही. दोन प्रकारच्या लोखंडाचे थर वेल्ड करून काढलेली नक्षी आणखी वेगळी असते. तिच्या रेषा जाड आणि सलग, आणि थरांचे सांधे दिसतात. जुन्या तलवारींतही ही पद्धत होती, त्यामुळे ती दिसली म्हणजे माल खोटा असे नाही. मात्र सध्या बाजारात ‘दमास्कस’ म्हणून येणारी बरीच नवी पाती अशीच बनतात.

चिरा पाहायला विसरू नका. लांबीच्या दिशेने गेलेली बारीक चीर वूट्झमध्ये अधूनमधून असते. धारेवर आडवी चीर असेल तर पाते कधीतरी तुटेल, असे समजा.

पाचवी पायरी : अक्षरे आणि सोने

मुठीजवळ पात्यावर सोन्याची चौकट दिसली आणि त्यात ‘अमल-ए-असदुल्लाह इस्फहानी’, म्हणजे इस्फहानच्या असदुल्लाहचे काम, असे वाचता आले की आनंद होतो. तो आवरा. असदुल्लाह हे इराणच्या शाह अब्बासच्या काळाशी, म्हणजे १५८७ ते १६२९ या राजवटीशी जोडलेले सर्वांत प्रसिद्ध नाव आहे. पण त्याच्या सहीच्या तलवारींवरच्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावत नाहीत, त्या कित्येक पिढ्या पुढे जातात. नंतरच्या कारागिरांनी ती सही उत्तमपणाचा शिक्का म्हणून वापरली आणि विक्रेत्यांनी किंमत वाढवण्यासाठी. तेव्हा सहीआधी पोलाद पाहा. जौहर सामान्य आणि सही असदुल्लाहची असेल तर पोलादावर विश्वास ठेवा. शेजारी ‘बंदा-ए-शाह-ए-विलायत अब्बास’ अशी दुसरी चौकट असते. त्यातला शाह-ए-विलायत म्हणजे हजरत अली, आणि अब्बास स्वतःला त्यांचा सेवक म्हणवतो. शिया इराणची खूण म्हणून ती उपयोगी आहे, पण हीही पुढे खूप नकलली गेली.

कुराणातली ‘नस्रुम मिनल्लाहि व फतहुन करीब’ ही ओळ, म्हणजे अल्लाहची मदत आणि जवळ आलेला विजय, खूप पात्यांवर सापडते. चार घरांच्या छोट्या चौकोनात चार अक्षरे किंवा २, ४, ६, ८ हे आकडे असतील तर तो ‘बदूह’ नावाचा रक्षक ताईत आहे. त्याला तारीख समजून वाचू नका.

तारीख असलीच तर मराठी वाचकाची एक खास फसगत होते : अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि अरबी शून्य नुसता ठिपका असतो. आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे. हिजरी सालाला ०.९७ने गुणा आणि ६२२ मिळवा. ११२३ हिजरी म्हणजे सुमारे १७११.

सोन्याच्या कामाचे दोन मुख्य प्रकार. कोफ्तगरीत पोलादाचा पृष्ठभाग बारीक आडव्या-उभ्या रेघांनी खरखरीत करून त्यावर सोन्याची तार ठोकून चिकटवतात. झिजलेल्या जागी भिंगातून त्या रेघा उघड्या दिसतात. तहनिशानात खोल खोबण कोरून सोने आत बसवलेले असते. ते जाड असते आणि शतके टिकते. सोन्याचा रंग, पण खाली ना रेघा ना खोबण, असे दिसले तर ते विजेच्या पाण्याने दिलेले मुलामाकाम असण्याची शक्यता मोठी.

पात्यावर देवनागरीही सापडते. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणली, तिच्या युरोपी पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत मालकाचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आहे. ती या लेखातली वक्र इस्लामी तलवार नाही, पण पाते एकीकडचे, मूठ दुसरीकडची आणि अक्षरे मालकाची हे तिच्यात अगदी स्वच्छ पाहायला मिळते.

सहावी पायरी : हात लावण्याआधी

नायट्राइलचे हातमोजे घाला. बोटांच्या घामातल्या मीठाने एका रात्रीत ठसा उमटू शकतो. म्यानातून काढताना म्यानाची धारेकडची बाजू मुठीत धरू नका, जुने लाकूड आणि कातडे चिरून पाते बाहेर येते आणि बोटे जातात. पाते अडत असेल तर जोर लावू नका.

घरी वारशाने आलेली तलवार असेल तर मनापासून एक विनंती : ती घासू नका. सँडपेपर, चिंच, लिंबू, ब्रासो, बफिंग यांतले काहीही नको. तीनशे वर्षांचे जौहर दहा मिनिटांच्या चकाकीत पुसले जाते, आणि ते पुन्हा वर आणणे जाणकार संवर्धकाचेच काम आहे. तांबूस सैल गंज हलक्या तेलाने भिजवून मऊ कापडाने टिपा. काळा, घट्ट बसलेला थर राहू द्या. नंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. हिंदुस्थानी मूठ सैल झाली असेल तर विस्तवावर धरून लाख वितळवण्याचा घरगुती उपाय करू नका, त्या उष्णतेने मुठीवरचे सोने आणि पात्याला दिलेले पाणी दोन्ही बिघडतात. कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत पाते म्यानात ठेवणे सगळ्यांत घातक, कारण आतले लाकूड ओल धरून ठेवते. पाते आणि म्यान वेगळे ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला पाहा.

सातवी पायरी : कायदा

भारतात शंभर वर्षांहून जुनी तलवार पुरावशेष व कलावस्तू अधिनियम, १९७२खाली पुरावशेष ठरते. ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. शिवाय तलवार शस्त्र कायदा, १९५९च्याही कक्षेत येते, म्हणून घरात ठेवण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करा. मूठ हस्तिदंताची किंवा गेंड्याच्या शिंगाची असेल तर वन्यजीव कायदाही लागू होतो. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी लिलावात बोली लावण्याआधी त्या देशाचे हस्तिदंताचे नियम पाहावेत.

घेताना कागद मागा : आधीचा मालक, जुने फोटो, पूर्वीच्या विक्रीची नोंद. कागदाचे मोल पोलादाइतकेच असते. टिपू सुलतानाच्या शयनगृहातली म्हणून ओळखली जाणारी तलवार २०२३मध्ये लंडनला सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर ती मेजर जनरल डेव्हिड बेअर्ड यांना देण्यात आली, ही माहिती तिच्यासोबत जपली गेली नसती तर हा आकडा झाला नसता.

कुठे पाहाल

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, हैदराबादेत सालारजंग, दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालय, जोधपुरात मेहरानगड. हैदराबादला जाणार असाल तर तिथला अरबी संबंध ध्यानात ठेवा. निजामाच्या फौजेत येमेनमधल्या हद्रामौतहून आलेले अरब शिपाई होते, त्यामुळे त्या भागात अरबी घाटाची शस्त्रे पाहताना दोन्ही बाजूंचे कारागीर विचारात घ्यावे लागतात. परदेशात असाल तर इस्तंबूलचे तोपकापी, लंडनचे वॉलेस कलेक्शन आणि ड्रेस्डेनची तुर्की शस्त्रदालने आधी पाहा.

जाताना छोटी वही, पेन्सिल आणि परवानगी असेल तर टॉर्च न्या. एका भेटीत दोनच तलवारी निवडा. प्रत्येकीसाठी मूठ, पाते, म्यान हे तीन रकाने, पात्याच्या वाकाचे साधे रेखाटन, खजाना आहे की नाही, पन्हळ आहे की नाही, जौहराचा प्रकार, सोन्याखाली रेघा दिसतात की खोबण, आणि अक्षरे जशी दिसतील तशी उतरवून घ्या, वाचता आली नाहीत तरीही. ती नंतर एखाद्या फारसी जाणणाऱ्या माणसाला दाखवता येतात.